बेघर मुलांचे मन आणि समाजाची व्यवस्था

निराश्रिताला आसरा देणे हे पुण्यकर्म होय, ही समजूत सर्व देशांत जुनी आहे. धर्मशाळा, अन्नछत्रे, अनाथाश्रम ही त्या समजुतीचीच दृश्य रूपे होत. डोक्यावर छप्पर, पोटाला दोन वेळचे अन्न आणि अंगाला धडके वस्त्र एवढे दिले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे दात्याला वाटत आले आणि घेणाऱ्यानेही त्याबद्दल उपकारच मानावेत अशी रीत पडली. मात्र घर गमावून आश्रयाला आलेल्या मुलाच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न समाजाने फार उशिरा विचारला. तो विचारल्यावर असे दिसून आले की, त्याचे उत्तर एकट्या डॉक्टरापाशी नाही, एकट्या शिक्षकापाशी नाही आणि एकट्या सरकारी अंमलदारापाशी तर नाहीच. या सर्वांची सांगड घालावी लागते. ती सांगड कशी घातली गेली, कोठे तुटली आणि तुटली तेव्हा कोणाला किंमत द्यावी लागली, याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडण्याचा आमचा विचार आहे. हा इतिहास मुख्यतः इंग्लंडात घडला, म्हणून आपल्यालाही तेथेच जावे लागेल.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली तान्ही मुले पाहून कॅप्टन थॉमस कोरम या दर्यावर्दी गृहस्थाचे मन कळवळले आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १७३९ साली त्याने राजाकडून ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ या संस्थेची सनद मिळवली. १७४१ पासून तेथे मुले घेतली जाऊ लागली. मूल सोडून जाणारी आई खूण म्हणून कापडाचा तुकडा, एखादे नाणे, एखादी फीत ठेवून जाई; पुढेमागे दिवस पालटले तर त्या खुणेवरून आपले मूल ओळखता यावे, ही आशा. संस्था ती खूण दप्तरात जपून ठेवी. पण मुलाला मात्र आल्याबरोबर नवे नाव दिले जाई आणि ती खूण त्याच्या दृष्टीस कधीच पडत नसे. तान्हे मूल खेड्यातल्या दाईकडे पाठवले जाई, चारपाच वर्षे तिलाच आई समजून वाढे, आणि मग एके दिवशी लंडनला संस्थेत परत आणले जाई. म्हणजे त्या बालकाच्या वाट्याला आईचा वियोग एकदा नव्हे, दोनदा येई. संस्थाचालक दुष्ट नव्हते. मुलांचे प्राण वाचवण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. परंतु त्यांच्या हिशेबाच्या वहीत मन नावाचा रकानाच नव्हता.

तो रकाना विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या दशकांत हळूहळू आखला गेला. अमेरिकेत आणि मागोमाग इंग्लंडात बालमार्गदर्शन केंद्रे निघाली. या केंद्रांची खरी नवलाई त्यांच्या कामाच्या पद्धतीत होती. मनोविकारतज्ज्ञ मुलाला तपासी, मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्धी व अभ्यासाची कुवत पाही आणि मानसोपचाराचे शिक्षण घेतलेली समाजसेविका त्याच्या घरी जाऊन आईबापांशी बोले. मग तिघे एकत्र बसून एकाच मुलाचा विचार करीत. अशा समाजसेविका तयार करण्याचा अभ्यासक्रम लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२९ साली सुरू झाला. ही लाट आपल्याकडेही लवकरच पोचली. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. हिंदुस्थानातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र समजले जाते. तेव्हा ही कल्पना आपल्याला अगदीच परकी होती, असे कोणी समजू नये.

पण या केंद्रांत येणाऱ्या बहुतेक मुलांना घर होते. ज्याला घरच नाही अशा मुलाचे काय, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आणला तो दुसऱ्या महायुद्धाने.

१ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडातील मोठ्या शहरांतून मुले हलवण्यास प्रारंभ झाला. बाँबहल्ल्याच्या भयाने अवघ्या तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसे खेड्यापाड्यांत नेण्यात आली. त्यांतली निम्म्याहून अधिक शाळकरी मुले होती आणि ती आईबापांवाचून निघाली होती. आगगाड्यांची वेळापत्रके चोख होती. प्रत्येक मुलाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खांद्याला विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याची पेटी होती. मूल ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला एका मुलामागे आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स मिळतील, एकाहून जास्त मुले घेतल्यास प्रत्येकामागे ८ शिलिंग ६ पेन्स, इतका बारीक हिशेब ठरलेला होता. मुलांची मने मात्र या वेळापत्रकात कोणी धरली नव्हती.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे नाही. जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या तीन डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या डिसेंबर १९३९ च्या एका अंकात पत्र लिहून बजावले होते की, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून दूर ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे, त्याचे परिणाम पुढे दीर्घकाळ भोगावे लागतील. सूझन आयझॅक्स या विदुषीने सहकाऱ्यांसह केंब्रिजला आलेल्या लंडनच्या मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९४१ साली प्रसिद्ध झाले. मुलांना विचारले होते, तुम्हाला येथे काय आवडते आणि कशाची उणीव भासते? उणीव भासत होती ती आईबापांची, भावंडांची. भावाबहिणींची ताटातूट करू नका, हा त्या पाहणीचा एक साधा सल्ला होता. हे सांगायला पाहणी कशाला हवी, असे आपल्यातील एखाद्या आजीबाई म्हणतील. पण सरकारदरबारी आजीबाईंचे शहाणपण दप्तरी दाखल व्हायला पाहणीच लागते.

लवकरच खेड्यांतून तक्रारी येऊ लागल्या. मुले अंथरूण ओले करतात, चोऱ्या करतात, पळून जातात, गवताच्या गंजी पेटवतात. एका घरातून दुसऱ्या घरात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी काही मुले फिरू लागली. प्रत्येक फेरीत मूल अधिक बिथरत गेले आणि प्रत्येक नव्या यजमानणीची सहनशक्ती आधीचीपेक्षा लवकर संपत गेली. ज्यांना कोणतेच घर ठेवून घेईना अशा मुलांसाठी मग वसतिगृहे काढणे भाग पडले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होता. पण त्या विहिरीला पाणी चांगले लागले, असे म्हटले पाहिजे.

ऑक्सफर्डशायर परगण्यात अशी पाच वसतिगृहे होती. युद्धकाळात त्यांतून एकंदर पावणेतीनशेंहून अधिक मुले राहून गेली. तेथे सल्लागार मनोविकारतज्ज्ञ म्हणून डॉक्टर विनिकॉट आठवड्यातून एकदा लंडनहून येत. हे मूळचे बालरोगतज्ज्ञ. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन रुग्णालयात त्यांनी हजारो आया आणि मुले पाहिली होती. १९४१ साली क्लेअर ब्रिटन ही तरुण समाजसेविका त्यांच्या जोडीला आली. या दोघांनी मिळून जी रीत बसवली ती आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

त्या वसतिगृहांतले गृहपाल व त्यांच्या बायका ही साधी माणसे होती. कोणी शिक्षक होते, कोणी आणखी काही. मनोविश्लेषणाचे ग्रंथ त्यांनी वाचले नव्हते. त्यांना वाटे, डॉक्टर येतील, या मुलाला काय करावे ते सांगतील आणि आपण ते करू. विनिकॉट सहसा तसे सांगत नसत. आठवडाभरात काय घडले आणि तुम्ही काय केले, हे ते विचारीत आणि ऐकून घेत. मुलाबरोबर चोवीस तास जो राहतो त्याला ज्या क्षणी जे सुचेल तेच तो करणार. आठवड्यातून एकदा येणाऱ्याने त्याच्या हातात लेखी हुकूम देऊन काय उपयोग? मात्र आपण जे केले त्याचा अर्थ मागाहून बोलता बोलता त्याला उमगला, तर पुढच्या खेपेस त्याचा हात अधिक सावरलेला राहतो. उपचार म्हणजे तज्ज्ञाच्या खोलीतला एक तास नव्हे. अंथरूण, जेवण, नेहमीचे चेहरे आणि न ढळणारी शिस्त हाच या मुलांचा उपचार होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९४७ साली दोघांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाचा विषयच वसतिगृहाचा कारभार हा उपचार कसा होतो, हा होता.

दुसरी गोष्ट क्लेअर ब्रिटन यांच्या कामाची. गृहपाल एका वसतिगृहापुरता, शिक्षक शाळेपुरता, डॉक्टर आठवड्याच्या भेटीपुरता, आणि आईबाप लंडनमध्ये. या सर्वांमध्ये हिंडणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे ही समाजसेविका. मूल पूर्वी कोणत्या घरी होते, तेथून का निघाले, आईचे पत्र आले की नाही, बाप आघाडीवर कोठे आहे, हे तिला ठाऊक असे. ज्या मुलाचे आयुष्य तुकड्यातुकड्यांत विखुरले आहे त्याचे धागे कोणीतरी एका हातात धरून ठेवले पाहिजेत, आणि मुलालाही ते हात ठाऊक असले पाहिजेत, हे या कामातून सिद्ध झाले. नाहीतर दहा खाती, दहा तज्ज्ञ आणि दहा फायली असूनही मुलाच्या पदरात पडते ते ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ एवढेच.

हे काम गोड गोड नव्हते, याची जाणीव श्रोत्यांना असावी म्हणून एक हकीगत सांगतो. नऊ वर्षांचा एक पळपुटा मुलगा कोठेच टिकेना, तेव्हा विनिकॉट यांनी त्याला तीन महिने स्वतःच्या घरी ठेवून घेतले. मुलगा घर डोक्यावर घेई. त्याचा उपद्रव अनावर झाला की ते त्याला उचलून दाराबाहेर ठेवीत, मग ऊन असो की पाऊस. दाराला एक घंटी होती. ती वाजवली की त्याला आत घेतले जाई आणि झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला जात नसे. बाहेर ठेवताना ते त्याला सांगत की, तू जे केलेस त्यामुळे मला तुझा राग आला आहे. ही हकीगत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे, आणि रागाची कबुली दिली नसती तर आपण त्याला घरात ठेवूच शकलो नसतो, असा तिचा आशय आहे. अनाथाश्रमाच्या वार्षिक अहवालांत प्रेम आणि वात्सल्य हे शब्द विपुल आढळतात. त्या मानाने हा प्रामाणिकपणा आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. दुखावलेले मूल सांभाळणाऱ्याच्या मनालाही कोणाचा तरी आधार लागतो, हे त्यातून कळते.

याच काळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी अमेरिकन देणगीच्या बळावर युद्धकालीन बालगृहे चालवली. आरंभ १९४१ च्या जानेवारीतला. सुरुवातीस सर्व दाया सर्व मुलांचे सर्व काही करीत. पुढे त्यांनी मुलांचे लहान लहान गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक ठरावीक ‘आई’ नेमून दिली. परिणाम मोठा नमुनेदार झाला. आधी शांत असलेली मुले रडू लागली, हट्ट करू लागली, आपल्या ‘आई’साठी भांडू लागली, आणि त्याबरोबरच बोलण्यात, चालण्यात, स्वच्छतेच्या सवयींत झपाट्याने पुढे गेली. संस्थेतील शांतता हे नेहमीच सुखाचे लक्षण नसते, हा धडा प्रत्येक आश्रमाच्या विश्वस्तांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पाहुणे येतात, मुले रांगेत गुपचूप बसलेली पाहतात आणि शिस्तीबद्दल शेरा लिहून जातात. तो शेरा कधी कधी दुःखाला दिलेला असतो.

आता सांगड तुटली म्हणजे काय होते ते पाहू. डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा. न्यूपोर्ट नगराच्या अधिकाऱ्यांनी त्याला ताब्यात घेऊन श्रॉपशायर परगण्यातील एका शेतकऱ्याच्या घरी ठेवले. म्हणजे जबाबदारी एका अधिकारक्षेत्राची आणि मूल दुसऱ्या अधिकारक्षेत्रात. कोणी कोणावर विसंबले, कोणी पत्रांची उत्तरे वेळेवर दिली नाहीत, आणि ९ जानेवारी १९४५ रोजी उपासमार व मारहाण यांमुळे त्या मुलाचा अंत झाला. सर वॉल्टर माँक्टन यांनी चौकशी केली. देश हळहळला. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९४४ मध्ये, लेडी ॲलन यांनी ‘टाइम्स’ पत्रात पत्र लिहून संस्थांत वाढणाऱ्या मुलांच्या स्थितीकडे लक्ष वेधलेच होते. या दोन्हींच्या रेट्याने १९४५ साली मायरा कर्टिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विनिकॉट आणि क्लेअर ब्रिटन यांनीही तिच्यापुढे आपले अनुभव मांडले.

कर्टिस समितीचा अहवाल १९४६ साली आला. स्वतःच्या घरच्या जीवनास मुकलेली सुमारे सव्वा लाख मुले तिच्या कक्षेत होती. त्यांतील काही गृहखात्याकडे, काही आरोग्यखात्याकडे, काही शिक्षणखात्याकडे, तर काही गरिबांच्या कायद्याखालील जुन्या समित्यांकडे वाटली गेली होती. मूल एकच; ते अनाथ म्हणून आले, गुन्हेगार म्हणून आले की स्थलांतरित म्हणून आले, यावर त्याचे खाते ठरे. ही वाटणी मोडून प्रत्येक स्थानिक संस्थेने एक बालसमिती नेमावी आणि तिच्या हाताखाली एक बाल-अधिकारी असावा. त्या अधिकाऱ्याने मुलांना कागदावरची नावे म्हणून नव्हे तर माणसे म्हणून ओळखावे, अशी समितीने शिफारस केली. १९४८ च्या बालक कायद्याने ती अंमलात आली. तत्पूर्वीच, १९४७ साली, अशा कामासाठी माणसे तयार करण्याचा अभ्यासक्रम लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सुरू झाला आणि त्याची धुरा क्लेअर ब्रिटन यांच्याकडे आली. वसतिगृहांच्या वाऱ्या करणारी समाजसेविका एका नव्या पेशाची गुरू झाली. डिसेंबर १९५१ मध्ये विनिकॉट यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

हा प्रश्न एका देशापुरता उरला नाही. १९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सामाजिक आयोगाने बेघर मुलांच्या गरजांचा अभ्यास करण्याचे ठरवले. त्यातील मानसिक आरोग्याचा भाग जागतिक आरोग्य संघटनेने उचलला आणि १९५० साली डॉक्टर बोल्बी यांच्याकडे सोपवला. युरोपातील काही देश व अमेरिका हिंडून त्यांनी १९५१ साली अहवाल दिला. आईचा किंवा आईच्या जागी असलेल्या व्यक्तीचा उबदार व अखंड सहवास हा बालकाच्या मनाला, शरीराला लागणाऱ्या अन्नाइतकाच आवश्यक आहे, हे त्याचे सार. या सिद्धान्तावर पुढे टीकाही झाली. १९७२ साली मायकेल रटर यांनी दाखवून दिले की, ‘आईचा वियोग’ या एका नावाखाली अनेक वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत, मुलाचे नाते एकट्या आईशीच जुळते असे नाही, आणि प्रत्येक मुलावरील परिणाम सारखाही नसतो. ही दुरुस्ती आशादायक आहे. मूल एकदा मोडले म्हणजे कायमचे मोडले, असे त्यानंतर कोणाला म्हणता येत नाही.

यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी हाच पाठ अमेरिकेला पुन्हा गिरवावा लागला. १९८० नंतरच्या दशकात तेथील शहरांत मुलाबाळांसह बेघर झालेली कुटुंबे निवाऱ्यांत येऊ लागली. एलन बासक या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह मॅसॅच्युसेट्स राज्यातील १४ निवाऱ्यांत ८० कुटुंबे आणि १५१ मुले पाहिली. अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्या मुलांत वाढीतील मागासलेपण, चिंता, खिन्नता किंवा शिकण्यातील अडचणी आढळल्या. येथे मूल आईपासून तुटलेले नव्हते. आई जवळच होती, पण तिचेच चित्त थाऱ्यावर नव्हते. म्हणजे मुलाच्या मनाची काळजी आईच्या निवाऱ्यापासून, तिच्या रोजगारापासून वेगळी काढता येत नाही, ही नवी बाजू पुढे आली. १९८७ च्या मॅकिनी कायद्याने बेघर मुलांच्या शिक्षणाचा हक्क मान्य केला. पुढे २००२ साली झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक शालेय विभागात अशा मुलांसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमणे सक्तीचे झाले. निवारा बदलला तरी शाळा शक्यतो बदलू नये, हे त्यातले तत्त्व. ऑक्सफर्डशायरमध्ये एका समाजसेविकेने जो धागा हाती धरला होता, तोच येथे कायद्याच्या भाषेत पुन्हा अवतरला.

आपल्याकडे काय? मुंबई इलाख्याचा बालक कायदा १९२४ सालचा. तो अंमलात आल्यावर १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने मुंबईत १०९८ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला आणि रस्त्यावरच्या मुलाला मदतीची हाक मारण्यास एक जागा मिळाली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा असे आदेश दिले. २०१५ च्या बालन्याय कायद्यात प्रत्येक मुलाची स्वतंत्र संगोपन-योजना करण्याची तरतूद आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बेघर व निराधार व्यक्तींना मोफत उपचाराचा हक्क दिला आहे. कायद्यांची वाण आपल्याकडे नाही. पण रात्रनिवारा महापालिकेचा, मनोविकारतज्ज्ञ सरकारी रुग्णालयाचा, शाळा शिक्षण विभागाची आणि बालगृह महिला व बालविकास विभागाचे, अशी वाटणी झाली म्हणजे कर्टिस समितीने पाहिलेले चित्र आपल्याही दारात उभे राहू शकते. संगोपन-योजना कागदावर भरली गेली आणि ती भरणाऱ्याला मुलाचा चेहरा आठवत नसला, तर ती कोरमच्या दप्तरातील कापडाच्या तुकड्यासारखीच होय. जपून ठेवलेली, पण मुलाच्या दृष्टीस न पडणारी.

या इतिहासातून काढण्यासारखा निष्कर्ष आमच्या मते फार मोठ्या खर्चाचा नाही. ऑक्सफर्डशायरच्या वसतिगृहांत यंत्रे नव्हती, औषधे नव्हती, तज्ज्ञ तर आठवड्यातून एकच दिवस येई. तेथे होते ते एवढेच: मुलाबरोबर राहणारी टिकाऊ माणसे, त्या माणसांचे नियमाने ऐकून घेणारा एक जाणकार, आणि मूल कोठेही गेले तरी त्याची हकीगत स्वतःजवळ बाळगणारी एक व्यक्ती. यांपैकी पहिली गोष्ट पगाराची आणि सन्मानाची आहे, दुसरी तज्ज्ञाच्या नम्रतेची, आणि तिसरी नेमणुकीची. गावच्या निवाऱ्याची वास्तू पाहायला आपण जाल, तेव्हा भिंतींचा रंग आणि खाटांची संख्या जरूर पाहा. मग तेथील एका मुलाकडे बोट दाखवून विचारा की, याची सगळी हकीगत कोणाला ठाऊक आहे? एका माणसाचे नाव सहज पुढे आले, तर तो निवारा चांगला चालला आहे असे समजावे. फायलीकडे हात गेला, तर कामाला कोठून सुरुवात करायची ते आपल्याला कळले.